तरवडावरचा पिवळा कोळी

हे आजवर कुणापाशी बोललो नाही. बायकोपाशीही नाही. तिला कोळ्यांची किळस येते, असं निमित्त मी स्वतःलाच देतो. खरं तर किळस माझी यावी, अशी गोष्ट आहे.

हडपसरच्या सॉफ्टवेअर कंपनीत नुकताच लागलो होतो. हातात पैसा खुळखुळत होता, म्हणून भारी कॅमेरा घेतला आणि रविवारी वाघोलीच्या माळावर जाणाऱ्या एका निसर्ग मंडळात शिरलो. तिथे मंजिरीताई भेटल्या. नारायण पेठेतल्या, बँकेत नोकरी. खेकड्यासारखा तिरका चालणारा, फुलात फुलाच्याच रंगाचा होऊन बसणारा कोळी कसा शोधायचा, हे त्यांनीच मला शिकवलं. हात लावायचा नाही — नुसतं बघायचं.

तरवडाच्या पिवळ्या फुलांत त्यांना एक पांढरा कोळी सापडला. मी त्याचा फोटो काढला. हा हळूहळू पिवळा होईल, आपण बघत राहू, म्हणाल्या. केवढ्या खूश होत्या! पुढच्या रविवारी मी आधी पोचलो, तर कोळी गायब. काय करायला हवं होतं? सांगायला हवं होतं, एवढंच. पण मला फोटो हवा होता ना! शेजारच्या झुडपावरचा एक पिवळा कोळी काडीने उचलला — आणि त्याच फांदीवर आणून ठेवला. ताई आल्या. बघून त्यांचे डोळे भरून आले. मी फोटो काढत राहिलो.

मंडळाच्या सभेत त्यांनी दोन्ही फोटो पडद्यावर दाखवले. मागून एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "रंग बदलला, मान्य. पण आठवड्यात तुटका पायही उगवला वाटतं?"

पांढऱ्याचा एक पाय तुटलेला होता. माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं. आनंदाच्या भरात ताईंच्याही नाही. सभा हसली. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी — मी म्हणालो, "ताईंनी दाखवला, तो मी टिपला." वर हसलोही, सगळ्यांबरोबर.

त्या परत आल्या नाहीत. मी राहिलो, नावारूपाला आलो. शाळाशाळांतून मुलांना सांगतो, निरीक्षणात प्रामाणिक राहा. लाज वाटत नाही का? वाटते. पण गप्प बसण्याच्या आड ती कधी आली नाही.

मध्यंतरी ताई फुलवालीपाशी दिसल्या, नातीसोबत. शेवंतीच्या ढिगात काहीतरी हललं.

"आजी, हा कोणता किडा गं?"

ताई वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग शेजारी उभ्या असलेल्या मला त्यांनी ओळखलं.

"मला नाही बाई त्यातलं कळत," त्या नातीला म्हणाल्या. "या काकांना विचार. त्यांचा अभ्यास आहे."

आणि मी सांगितलं. नावासकट, अगदी नीट समजावून सांगितलं.