बाबांचं मन नाही म्हणतं

आमच्या केनवडच्या घरात बाबांच्या शब्दापेक्षा बाबांच्या मनाला मान जास्त होता. त्याला कारण एक जीप. रिसोडला काळीपिवळीत पुढची जागा मिळालेली असताना ते उगाच खाली उतरले, आणि तीच जीप वाटेतल्या वळणावर उलटली. कुणी दगावलं नाही, पण हातपाय बऱ्याच जणांचे मोडले. यांना आधीच कळतं, असं गावभर झालं.

तेव्हापासून बाबा नुसतं "माह्यं मन नाई म्हणते" म्हणाले, की विषय संपे. भावाची मोटरसायकल अशीच राहून गेली. आईचं माहेरच्या लग्नाला जाणं राहिलं. शेजारीपाजारीही गाय विकू का, दुकान टाकू का, म्हणून विचारायला येत. बाबा डोळे मिटून बसत आणि बहुतेकांना नाहीच म्हणत. नाही म्हटल्यावर कुणी काही करत नसे, त्यामुळे बाबांचं मन कधी खोटं पडलं नाही.

मग माझा नागपूरला नर्सिंगला नंबर लागला. दुसऱ्या दिवशी निघालं नाही तर जागा जाणार होती. संध्याकाळी बाबा जेवले नाहीत, फक्त चहा मागितला.

"पोरी, माह्यं मन नाई म्हणते."

आईने भरलेली बॅग कपाटावर चढवली. मला रडू यायला हवं होतं, पण आला तो राग. त्या मनाचा मला अगदी वीट आला होता.

"बाबा, जीपीतून उतरले तवा तुमाले भेव वाटलं होतं काय?"

"भेव कायचं? उतरलो, टपरीवर च्या पेलो, दुसरी गाडी पाहत बसलो."

"अन् आता?"

बाबांनी कपबशी खाली ठेवली. ठेवताना ती खडखडली. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उठून गोठ्यात निघून गेले.

आता नर्स म्हणून वॉर्डात एखाद्या पेशंटविषयी मनात काही आलं, की मी आधी स्वतःच्या हातांकडे बघते. ती नुसती भीती आहे की आणखी काही, हे त्यावरून दर वेळी कळतंच असं नाही, पण सवय लागली आहे.

त्या रात्रीनंतर सकाळी बॅग बाबांनीच खाली काढली. रिसोडच्या स्टँडवर एसटी लागेपर्यंत ती त्यांनी माझ्या हाती दिली नाही. मी खिडकीशी बसले. त्यांनी बाहेरून खिडकीची दांडी धरली होती, आणि त्यांची बोटं काही केल्या स्थिर राहत नव्हती.

"बाबा, मन काय म्हणते?" मी विचारलं.

"त्याले इचारलंच नाई म्या," बाबा म्हणाले. "तू जाय."