आत्याचा उकिरडा

दिवाळीचा पहिला दिवा लोक तुळशीपाशी लावतात. चाकूरची माझी आत्या तो उकिरड्यावर लावत असे. गोठ्यामागच्या त्या खड्ड्यात शेण, राख आणि भाज्यांची देठे यांखेरीज काही पडलेले तिला खपत नसे. "ह्यातलंच रानात जातंय अन् रानातलंच ताटात येतंय," असे ती बजावी. गावाने तिला 'उकिरडाआत्या' म्हणायला सुरुवात केली ती थट्टेने; तिने ते नाव पदवीसारखे मिरवले.

कचऱ्याचे प्रकार तिने नात्यागोत्यांत बसवले होते. "पत्रावळ म्हंजी पाहुणी, चार दिवस राहती अन् मातीला मिळती. फुटकी काच म्हंजी भाऊबंद; दिसत न्हाई, पण टोचती. फवारणीची बाटली जाऊबाईवानी. रिकामी वाटली तरी आत इख हायच. अन् थर्माकोल म्हंजी घरजावई, बसला की उठतच न्हाई!" आमचे मामा, म्हणजे तिचे यजमान, स्वतः घरजावई होते. ते मिशीतल्या मिशीत हसत आणि चहाची कपबशी मुकाट्याने स्वतः विसळून ठेवत.

तिच्या लेकीचे, शोभाचे लग्न ठरले, तेव्हा मात्र हे विनोद थांबले. बिलोलीच्या विहीणबाईंनी निरोप धाडला होता की पंगतीला वापरून फेकायच्या थर्माकोलच्या पांढऱ्या ताटल्याच हव्यात. उष्टी ताटे घासत बसणे आता बरे दिसत नाही. अशा ताटल्यांवर बंदी आहे म्हणतात, पण लग्नसराईत त्या मिळतातच. आत्यापाशी बोहारणीला जुनी लुगडी देऊन जमवलेली स्टीलची ताटे पेटीभर होती. तरीही तिने नकार कळवला नाही.

"न्हाई म्हणलं तर पोरीला जलमभर ऐकावं लागंल, बापू," ती मला म्हणाली. "अन् हाव म्हणलं तर समदं वाऱ्यानं उकिरड्यात, तिथून रानात." शेवटी तिने होकार धाडला.

लग्नाच्या दिवशी पहिली पंगत उठली आणि ताटल्या गोठ्याकडे उडू लागल्या. एक वासराच्या तोंडात गेली. आत्याने शालू सावरत, जबड्यात हात घालून ती बाहेर ओढली. मग तिने हात धुतले आणि विहिणीच्या पंगतीची रांगोळी काढायला बसली.

पाट, उदबत्ती, महिरप, आणि मधोमध तीच पांढरी ताटली. पुरणपोळीवर आत्याने चुलीवरून थेट आणलेले कढत तूप ओतले. बघता बघता ताटलीला भोक पडले आणि तुपाची धार पाटावरून विहीणबाईंच्या रेशमी पदरावर आली. तिने हे मुद्दाम केले होते का, हे विचारण्याचे धाडस मला पुढेही झाले नाही.

"अवो विहीणबाई, तूप वाढून राहिल्या का मला माखून राहिल्या?" बिलोलीच्या विहीणबाई कडाडल्या.

"तूप माझं हाय," आत्या कशीबशी म्हणाली, "भोक तुमच्या ताटलीचं हाय."

विहीणबाईंनी पदराकडे पाहिले, ताटलीकडे पाहिले आणि नथ सावरावी लागेपर्यंत त्या हसल्या. "आणा बाई तुमचं इस्टील! पण घासणार कोण?"

"तुमचे मालक अन् माझे मालक."

आणि खरोखरच दोघे व्याही फेट्यांसकट राख घेऊन बसले. बायकांनी त्यांच्यावर रचलेली गाणी येथे लिहिण्याजोगी नाहीत.

पाठवणीच्या वेळी सारे रडत होते. आत्याचे डोळे तेवढे कोरडे होते. गाडीत बसता बसता विहीणबाई म्हणाल्या, "ती ताटाची पेटीबी द्या. माझ्या धाकटीचं लगीन हाय."

मामांनी पेटी गाडीत चढवली. "ताटं वापस करा बरं का," आत्याने बजावले.

"अन् पोरगी?"

"ती ठिवून घ्या," आत्या म्हणाली, आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटले.