अकरा फुलं आणि एक कळी

गेल्या रविवारी जळगावात माझ्यावर चक्क लबाडीचा आळ आला… तोही फुलांवरून!

झालं असं की तिथल्या एका महिला मंडळानं पुष्परचनेची स्पर्धा ठेवली होती. विषय होता 'आपला ऋतू'. शनिवारी सकाळी रचना मांडायची, तिचा फोटो तिथेच प्रिंट करून शेजारी लावायचा आणि रविवारी सकाळी परीक्षण. मधे रचनेला हात लावायचा नाही… लावला की बाद.

मी देवपूरची. गेली तीन वर्षं मोबाइल घेऊन फुलांमागे हिंडते, हे तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. फाल्गुनात पळसासाठी शिरपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी जाते, चैत्रात कॉलनीतल्या कडुनिंबाखाली मान वर करून उभी असते. शेजारणी हसतात, हसू देत.

या वेळी डोक्यात आलं, आपला ऋतू म्हणजे कपाशीच की! बाकीच्या जणी जरबेरा आणि कार्नेशन आणणार हे नक्की होतं. माझ्या मोठ्या नणंदबाई, आमच्या अक्का, धरणगावजवळ कपाशी करतात. शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्याकडे जाऊन थडकले.

पण कपाशीचं फूल कोणी तोडत नाही. देवालासुद्धा वाहत नाही. अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी घराचं दार काढून मागत होते.

"येक फूल तोडं म्हंजे येक बोंड गयं," एवढंच म्हणाल्या… आणि शनिवारी उजाडताच स्वतःच ओळीत शिरल्या. अकरा फुलं आणि एक टपोरी कळी. प्रत्येक फूल खुडताना झाडाला काहीतरी पुटपुटत होत्या. मग म्हणाल्या, मीही येते, माझी बोंडं कुठे जातात ते बघायला!

फुटक्या माठाच्या खापरात काळी माती घातली, मातीत पाण्याच्या छोट्या बाटल्या लपवल्या. मागे गेल्या वर्षीच्या कपाशीची वाळकी झाडं, म्हणजे पऱ्हाटी, पुढे ही अकरा दुधी-पिवळी फुलं आणि कडेला मिटलेली कळी. फोटो तर असा आला की मीच चार वेळा पाहिला.

रात्री जळगावातच चुलत सासूबाईंकडे राहिलो. रविवारी सकाळी हॉलवर गेले… आणि पायाखालची जमीन सरकली. माझी अकराच्या अकरा फुलं गुलाबी!

आधी वाटलं कोणीतरी बदलली. मग वाटलं पाण्यात काहीतरी गेलं. तेवढ्यात परीक्षक मॅडम आल्याच. त्या नाशिकच्या, स्वभावानं शांत. त्यांनी फोटो पाहिला, रचना पाहिली, पुन्हा फोटो पाहिला. म्हणाल्या, "फुलं बदललेली दिसतात. नियमात बसत नाही हे." आणि हातातल्या कागदावर पेन टेकवलं.

आजूबाजूला दहाबारा बायका, त्यातल्या निम्म्या ओळखीच्या. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याचाच राग आला.

एवढ्यात बाहेर चहा पीत असलेल्या अक्का आत आल्या. काय झालं ते कोणीतरी सांगितलं. त्या पदर खोचून सरळ टेबलापाशी गेल्या. एरवी हॉलबिलमध्ये आल्या की शहरी मराठी बोलायला बघतात, पण त्या दिवशी नाही.

"कोनी काही बदलेल नही, ताई. कपाशीनं फूल आसंच ऱ्हास. पह्यला दिन धवळं, दुसरा दिन गुलाबी."

मॅडम थबकल्या. पण याला पुरावा काय, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. अक्कांनी बोट कडेला नेलं… कळीकडे. फोटोत ती मिटलेली होती. रविवारी सकाळी मात्र ती उमललेली होती, दुधी-पिवळी, आदल्या दिवशी बाकीची होती तश्शीच!

अकरा गुलाबी फुलांत ते एकच धवळं फूल. मॅडमनी वाकून पाहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि अक्कांना शेजारी खुर्ची दिली. मग किती वेळ त्या दोघीच बोलत होत्या… फूल कधी उमलतं, कधी गळतं, बोंड कधी धरतं.

आता माझी फजिती सांगते. गेल्या वर्षी मी इथेच, याच भिंतीवर, 'कपाशीच्या दोन जाती : पिवळ्या फुलाची आणि गुलाबी फुलाची' अशी पोस्ट टाकली होती. तुम्ही भरभरून लाइकही केली होती! तीन वर्षं फुलांचे फोटो काढले, पण एका फुलाकडे दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन पाहिलं नाही. आणि इतके फोटो काढणाऱ्या बाईला एवढं साधं माहीत नसेल, असं अक्कांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

आम्हाला दुसरा नंबर मिळाला. पहिला कमळांच्या रचनेला गेला, ती खरंच सुंदर होती. नाव माझं पुकारलं, पण मी अक्कांचा हात धरून त्यांना स्टेजवर नेलं. टाळ्या वाजल्या तेव्हा त्या नेहमीसारख्या लाजल्या नाहीत, समोर बघत ताठ उभ्या राहिल्या. मला आयुष्यात स्वतःचा इतका अभिमान कधी वाटला नाही, जितका त्या क्षणी त्यांचा वाटला.

काल सकाळी अक्कांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. त्यांनी काढलेला पहिलाच. थोडा हललेला, कोपऱ्यात अंगठा… एकाच झाडावर एक फूल धवळं आणि एक गुलाबी. खाली व्हॉइस मेसेज, "बठ्ठासले दखाड."

सगळ्यांना दाखव म्हणाल्या, म्हणून आज दाखवतेय. जुनी पोस्ट काढून टाकली आहे. या भिंतीवर इतकी वर्षं प्रत्येक फोटोखाली माझंच नाव असायचं… आज पहिल्यांदाच दुसरं लिहितेय.

फोटो : अक्का.