पाच बाणांना कुंकू

बाण कार्बनचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा, यावरून सोनपेठ तालुक्यात आजवर एकाच घरात भांडण झालं असेल आणि ते घर आमचं आहे. बाकीच्यांकडं बांध, भावकी, मोटारीची पाळी असे सरळ विषय असतात. आमचा वाद पोळ्याच्या सुमारास पेटला आणि खंडेनवमीला परभणीच्या मैदानावर विझला. तोवर माझं डोकं इतकं फिरलं होतं की एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या उजव्याच जोडल्या. मी ब्लाउज शिवते. माझ्या हातून शिवणात अशी चूक होते म्हणजे घरात काय चाललं असेल ते समजून घ्या.

लेक परभणीला वसतिगृहात राहून बी.ए. करत होती. तिथल्या मैदानावर धनुर्विद्या शिकवणारे एक सर आहेत. त्यांनी तिच्या हातात धनुष्य दिलं आणि बघता बघता ती फारच चांगली मारायला लागली. तिच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या ह्यांनी, तिला एक मुदत घालून दिली होती. यंदाच्या जिल्हा चाचणीतून राज्याच्या स्पर्धेसाठी निवड झाली, तर परभणी, कॉलेज, धनुष्य सगळं चालू. नाही झाली, तर दसऱ्याच्या दिवशी राणीसावरगावचे पाहुणे तिला बघायला येणार. मुलात तशी खोट काही नव्हती. खोट तारखेत होती. चाचणी खंडेनवमीला आणि पाहुणे लगेच दुसऱ्या दिवशी. चाचणीची तारीख ज्यानं काढली त्याच्या घरी बहुतेक पुजायला साधा विळासुद्धा नसावा.

मला तिची निवड व्हायला हवी होती. मला आयुष्यात कुणी कशासाठी निवडलं नाही, कांदेपोहे खाऊन निवडणारे सोडले तर. लेकीचं नाव कुणीतरी रांगेतून पुकारावं आणि तिनं पुढं व्हावं, एवढंच मला वाटत होतं आणि ते फार वाटत होतं.

तर बाण. सरांनी दिलेले जुने बाण वाकून गेले होते, नवे घ्यायचे होते. हे म्हणाले, ॲल्युमिनियमचे घ्या. ह्यांनी आयुष्यात आंब्याला दगड सोडून कशाला नेम धरलेला नाही, पण वस्तू निवडण्यात त्यांचा एकच नियम आहे. बिघडली तर घरी दुरुस्त झाली पाहिजे. ॲल्युमिनियम वाकलं तर सरळ करता येतं, हे पटवायला त्यांनी सरांकडून नमुन्याला आणलेला एक बाण आमच्यासमोर गुडघ्यावर घेऊन वाकवला. मग सरळ केला. मग तो ताटात ठेवून लोळवला, तर तो दारू प्यायल्यासारखा डुलत गेला. हे म्हणाले, ताटच वाकडं आहे. तो बाण सध्या माझ्याकडं परकराची नाडी ओवायच्या कामाला आहे आणि त्या कामाला त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

दुसरी बाजू माझ्या भावाची. त्याचं गंगाखेडला मोबाइलचं दुकान आहे, म्हणजे दिवसभर बसून व्हिडिओ बघायला कारण आहे. त्यानं धनुष्यबाणाचा अभ्यास केला तो परदेशातल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघून. त्यातली माणसं झाडपाल्याचे कपडे घालून, बंदुकीसारखं आडवं धनुष्य खांद्याला लावून झाडावर बसलेली असतात. भावाला इंग्रजी येत नाही. माणूस कुठला बाण हातात घेतल्यावर हसतो, त्यावरून तो मत बनवायचा. कार्बनच्या वेळी सगळेच हसले म्हणे. शिवाय कार्बनचा बाण हरणाच्या आरपार जातो, हे तो जेवताना इतक्या वेळा म्हणाला की मी वाढणं थांबवलं. मामाला लेकीनं शांतपणे सांगितलं की तिला कुणाच्याच आरपार जायचं नाही, समोर गठ्ठ्यावर चिकटवलेला कागद असतो आणि तो पळत नाही. मामा म्हणाला, तरी पण.

गावातही बातमी गेली होती. एक शेजारी भुईमुगात शिरणाऱ्या रानडुकरांचं काही जमेल का, असं विचारून गेला. त्याला ह्यांनी समजावलं, की डुक्कर मरायच्या आधी वनखात्याची गाडी तुझ्या दारात उभी राहील. तो म्हणाला, मग एवढं शिकून उपयोग काय. ह्यांना ते पटलं, हे मला तोंडावरून दिसलं.

शेवट असा झाला की दोघांनीही माघार घेतली नाही आणि घरात दोन्ही आले. ह्यांनी ॲल्युमिनियमचे डझनभर आणले, भावानं कार्बनचे. लेकीनं सरांना विचारलं. सर म्हणाले, दोन्ही चालतात, पण एक काय ते आजच ठरव आणि मग बदलू नकोस. धनुष्यावर नेम धरायची एक खूण असते, ती बाणाच्या वजनाप्रमाणं वरखाली सरकवून पक्की करावी लागते. हलक्या कार्बनसाठी खूण बसवली आणि ऐनवेळी जड ॲल्युमिनियम मारला, तर तो टार्गेटच्या अलीकडंच मातीत जाणार. मला हे लगेच समजलं. एकीच्या मापावर दुसरीचा ब्लाउज बेतला की तेच होतं.

लेकीनं कार्बन धरला. मैदानावर वारा फार आणि हलका, बारीक बाण वाऱ्याला कमी दाद देतो, एवढंच तिचं कारण. ह्यांनी ॲल्युमिनियमचे बाण गुंडाळून माळ्यावर टाकले आणि तिच्या सरावाची चौकशी बंद केली. फक्त कार्बनचा बाण चिरला, की त्यांना कुठून तरी कळायचं. कार्बन वाकत नाही, चिरतो, आणि चिरलेला मारला तर हातात घुसतो, म्हणून तो फेकूनच द्यावा लागतो. असे चार बाण गेले. चारही वेळा ह्यांनी जेवताना, कुणाकडंही न बघता, घरी दुरुस्त होणाऱ्या वस्तूंबद्दल चार शब्द सांगितले. उरले आठ.

नवमीच्या आदल्या संध्याकाळी लेक घरी आली. सकाळच्या एसटीनं तिला परत परभणी गाठायची होती, मीही जाणार होते. धनुष्याच्या पेटीला आकड्यांचं कुलूप होतं. बाण मी जुन्या जीनच्या कापडातून शिवलेल्या भात्यात खुंटीला होते.

पहाटे मी चहा ठेवायला उठले तर देवघरापुढं पूजा मांडून तयार. हे आंघोळ करून, ओल्या केसांनी हात जोडून बसलेले. विळे, खुरपी, कुऱ्हाड, फवाऱ्याचा पंप, माझी कात्री, आणि मधोमध पांढऱ्या पिसांचे आठ काळे बाण. त्यांतल्या पाच बाणांच्या पिसांवर कालवलेल्या कुंकवाचं एकेक ठसठशीत बोट ओढलेलं, वर झेंडूचं फूल. पाचांना लागलं म्हणजे सगळ्यांना लागलं, असा आमच्याकडचा हिशोब असतो. सुपारी असो की नारळ, सगळ्या राशीला कुणी कुंकू लावत बसत नाही.

लेक आवरून आली, भात्यात हात घातला, तो रिकामा. मग तिनं देवघराकडं बघितलं आणि तिचा चेहरा पडला. कारण खंडेनवमीला पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलत नाहीत, हे आमच्याकडं कुणाला सांगावं लागत नाही.

"अन् चाचणी आज हाय, त्याचं काय?" मी विचारलं.

"अल्मिनमचे हायेत की माळ्यावर," हे म्हणाले. "ते मोकळेच हायेत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला वाटलं, हा डाव आहे. पोरीच्या वाटेत बोलून आडवं येता आलं नाही, म्हणून देव मध्ये घातला. मी म्हणाले, एवढा त्या अल्मिनमचा पुळका आहे तर तेच कामून नाही पुजले?

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मला साधी गोष्ट कळत नाही. "वापरातलं हत्यार पुजत असत्यात. ती काय अल्मिनमचे वापरायलीय का?"

माझा राग तिथंच अर्धा झाला. थंड पाण्यानं आंघोळ करून ह्या माणसानं ज्या बाणांशी महिनाभर अबोला धरला होता, त्यांनाच पोरीचं हत्यार म्हणून कुंकू लावलं होतं. पण अर्धा राग उरला होता आणि एसटी कुणासाठी थांबणार नव्हती. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्टही नव्हती. नवरीचा ब्लाउज अडला तरी नवमीला मी कात्रीला हात लावलेला नाही. लेक तर डोळ्यांत पाणी आणून माळ्याची शिडी शोधायला निघाली होती. बापाला दुखवायचं नाही म्हणून ती मातीत बाण मारून यायला तयार होती. ते बघून मला सुचलं. घटामागच्या देवीच्या तसबिरीकडं मी बोट दाखवलं.

"आज देवीच्या हातातलं शस्त्र कुणी काढून ठिवलंय का? लढायचा दिस तिचा आजच हाय न्हवं?"

ह्यांनी तसबिरीकडं बघितलं. देवीचे हात एकेक करून बघितले, एखादा रिकामा सापडतोय का म्हणून. सापडला नाही. मग त्यांनी स्वतः आठही बाण दोन्ही हातांनी उचलले, कपाळाला लावले आणि लेकीच्या हातात दिले. खांद्यावर उपरणं टाकलं आणि म्हणाले, उचलले मी आहेत, तर जे व्हायचं ते माझ्यासमोर व्हावं. असे आम्ही तिघं एसटीत बसलो.

मैदानावर मारायच्या आधी सगळ्यांचं सामान तपासतात. पंच एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी लेकीचे बाण टेबलावर ओळीनं मांडले आणि त्यांचा हात थांबला. नियम असा, की एका फेरीत सहा बाण मारायचे आणि ते सगळे दिसायला एकसारखे पाहिजेत. आमचे पाच लाल बोटाचे आणि तीन कोरे. कशीही मांडणी केली तरी एकसारखे सहा होत नव्हते.

मी पदरानं पुसायला लागले. पाण्यानं पुसलं, हात धुवायच्या औषधानं पुसलं. कुंकू पांढऱ्या पिसावर असं बसलं होतं की लालाचं गुलाबी झालं, त्यापुढं जाईना. मी घाईनं थांबले, पण तोवर तीन प्रकारचे झाले होते. पंचबाईंना दया आली असावी. त्या म्हणाल्या, त्यांना रंगाचं काही नाही, सारखेपणा पाहिजे. सगळे पुसा, नाहीतर सगळ्यांना लावा.

लेकीनं वडिलांकडं बघितलं. "पप्पा," एवढंच म्हणाली.

हे पळाले. सोयाबीन काढून कंबर धरलेला माणूस, उपरणं सावरत, पलीकडच्या रस्त्यावर देवीचा मंडप होता तिकडं पळाला. तिथल्या पुजाऱ्याला काय सांगितलं ते मी अजून विचारलेलं नाही. परत आले तेव्हा मुठीत कागदात कुंकू होतं. बाटलीच्या झाकणात ते कालवलं आणि मी घाईघाईनं बोट बुडवून पुढं झाले, तर पंचबाईंनी अडवलं. माझं बोट बारीक. सुईदोऱ्याचं बोट आणि विळ्याचं बोट एका रुंदीचं उमटत नाही, हे मला, जन्मभर मापं घेणारीला, परक्या बाईनं सांगावं लागलं. मी मागं सरकले. बोट ह्यांचंच पाहिजे होतं.

हे गवतात गुडघे टेकून बसले. जीभ दातांत धरून त्यांनी पहिल्या कोऱ्या बाणाच्या पिसावर बोट ओढलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. पुसून गुलाबी झालेल्यावरही पुन्हा एक हात दिला. आमच्या लग्नात सह्या करतानासुद्धा मी त्यांना इतकं जपून काही करताना पाहिलं नव्हतं. शेवटचा बाण फुंकर मारून वाळवताना तो त्यांनी बोटांवर जरा तोलला आणि हळूच मला म्हणाले, "लय हलका हाय गं ह्यो."

पंचबाईंनी आठही बाण शेजारी धरून, उलटसुलट करून बघितले आणि मान हलवली.

पुढचं मी नीट बघितलं नाही. लेकीनं धनुष्य ओढलं की मी डोळे मिटायची आणि ह्यांना विचारायची, कुठं लागला. एवढ्या लांबचं ह्यांनाही दिसत नव्हतं, तरी दरवेळी म्हणायचे, बरोबर लागला. वारा सुटला तसे शेजारच्या दोन मुलींचे बाण डावीकडं जायला लागले. त्यांचे कशाचे आहेत, म्हणून हे उठून विचारून आले आणि हळूच म्हणाले, अल्मिनमचे. दुपारी निकाल वाचला. चौघींची निवड झाली आणि चौथं नाव आमच्या लेकीचं पुकारलं. ती पुढं झाली. मी सगळ्यांसमोर रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

ह्यांनी तिच्या पाठीवर एकदा हात ठेवला, मग खिशातून फोन काढला आणि बाजूच्या पायरीवर जाऊन बसले. राणीसावरगावच्या पाहुण्यांना लावला होता.

"पाहुणे, उद्या यायची तसदी घेऊ नका," ते म्हणाले. "पोरगी राज्यावर चाललीय."

पलीकडून काहीतरी विचारलं असावं. मग हे खुलले. पाय पसरून, मोकळ्या हातानं हवेत बाणाचा रस्ता दाखवत समजावायला लागले, की तसं नाही पाहुणे, अल्मिनमचा बाण वाऱ्यात वाहत जातो, दिसायला मजबूत, पण कामाला कार्बनच, खूण एकदा बसली की हलायचं काम नाही. माझ्या भावाचं सगळं व्याख्यान, हरीण तेवढं वगळून, त्यांच्या तोंडून येत होतं. पुरे आता म्हणून खुणवायला मी जवळ गेले, तेव्हा मला फोन दिसला. तो कधीचा बंद झाला होता. पलीकडच्यांनी ठेवून दिला होता. मी शेजारी पायरीवर बसले. ह्यांचं वाऱ्याबद्दल अजून सांगून व्हायचं होतं.