व्हर्डेलने शिवलेला झगा

व्हर्डेल गॅस्किन्सने अर्धं आयुष्य कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यात चरबी छाटली. लोंबलेलं दिसलं की काप. संपाच्या वेळी माझ्या शेजारी उभी राहून पोलिसाच्या तोंडावर हसलेली बाई ही. पण या उन्हाळ्यात ती सुईला घाबरली.

आमच्या चर्चची रीत अशी की दर ऑगस्टमध्ये नदीत बाप्तिस्मा घेणाऱ्या बाईने आपला झगा आपल्याच हाताने शिवायचा. चर्च एकीला एकच कापड देतं. चर्चमधली वडीलधारी बाई मदर ओझेला, तिला शिवण पटली नाही, तर पुढच्या ऑगस्टपर्यंत थांबा. व्हर्डेलची आई असंच 'पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी' करत बाप्तिस्म्याविनाच वारली. तेव्हापासून लेकीला 'पुढचं वर्ष' हा शब्दच खपत नव्हता.

"मशीनवर दहा मिनिटांचं काम! देव काय टाके मोजत बसलाय?" मी भडकले.

"देव नाही, मी बसलेय," मदर ओझेला म्हणाली. "ओला कपडा सगळं दाखवतो, पोरी. गप बस, नाहीतर तुझ्याही हातात सुई देईन."

शिवण ऐकायला सोपी. दोन कापडं जोडायची, एक कड निम्मी छाटायची, दुसरीने दुमडून तिला पोटात घ्यायचं आणि वरून बारीक टाके घालायचे. आतून बघा की बाहेरून, उघडी कड दिसता कामा नये.

व्हर्डेलने दोन्ही कडा छाटल्या. दोन्ही बगलांपासून खालपर्यंत, सफाचट! हाताला सुरीचीच सवय. आता दुमडायला कडच उरली नाही.

"आणखी आत घेऊन शिव," मी म्हटलं.

"आणि मी मावू कशात? तुझ्यासारखी खराट्याची काडी आहे का मी, बये?"

तिने झगा मांडीवर घेतला आणि बराच वेळ नुसता कुरवाळला. मग खालच्या घेराची वीतभर पट्टी उतरवली, तिचे दोन तुकडे केले आणि दोन्ही बगलांखाली पुढच्या-मागच्या कापडांमध्ये घातले; दुमडायला आता पट्टीची कड होती. म्हणजे दोन शिवणींच्या झाल्या चार! कारखान्याच्या गारठ्याने तिची बोटं कधीचीच बधिर झालेली. सुई लागली तरी तिला कळायचं नाही, कापडावर लाल ठिपका उमटला की कळायचं. उठायची, गार पाण्याने डाग धुवायची, पुन्हा बसायची. मी बडबड करायला जायचे आणि तिच्याकडे बघून गार पाण्याची बादली भरून आणायचे.

शनिवारी चर्चच्या पायरीवर मदर ओझेलाने झगा उलटा केला. सुलटा केला. पुन्हा उलटा. शिवणीवरून अंगठा फिरवला. मग कपाळाला आठ्या घालून विचारलं, "यातली सुलट बाजू कुठली गं?"

कुणालाच सांगता येईना. व्हर्डेललाही.

"घोटे दिसणार तुझे."

"दिसू देत, मदर. देखणे आहेत."

बायका फिदीफिदी हसल्या. मदर ओझेलाने झग्याची घडी घालून तिच्या हातात दिली. "उद्या पोटभर खाऊन येऊ नकोस. पाण्यात जायचंय."

रविवारी पास्टरनी तिला पाण्याखाली घेतलं. वर येऊन ती काठाजवळच्या उथळ पाण्यात आली तेव्हा कापड अंगाला लपेटलेलं, आणि काखेपासून खालच्या घेरापर्यंत त्या चार शिवणी आखल्यासारख्या सरळ उतरलेल्या. एक दोरा सुटलेला नाही. काठावर बायकांचं चाललेलं गाणं आपोआप हळू झालं.

"झालं गं माझं!" ती पाण्यातूनच ओरडली.

टॉवेल माझ्याकडे होता. तो द्यायचं सोडून मी नुसती बघत राहिले.