आत्यांचा राहिलेला बाप्तिस्मा

आमच्या उंब्रजच्या ख्रिस्ती मंडळीत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले ठेवलेलं ताट बाकांवरून फिरतं. ज्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही ते त्यातलं काही घेत नाहीत, ताट शेजारच्याकडे देतात. माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्यापासून ते ताट शेजारी देत आल्या होत्या. सासरे मंडळीचे पंच, फौजेतले निवृत्त सुभेदार, आणि त्यांचीच बायको बाप्तिस्म्याविना. घरात यावर कोणी बोलत नसे. मामा, म्हणजे सासरे, फारच चिडले तर म्हणत, "हिचा विश्वास कच्चा." आत्या, म्हणजे सासूबाई, तेवढं ऐकून घेत. उठून भांडी घासायला घेत.

मीसुद्धा तेच धरून चालले होते. आत्यांचं माहेर दुष्काळी माण तालुक्यात. वडील मेंढरं राखायचे आणि घरात प्रार्थना चालायची, तरी आजूबाजूला सगळे देव होतेच. त्यातला एखादा त्यांच्या मनात राहिला असेल, असं मला वाटायचं. राहू दे, म्हणून मी सोडून दिलं होतं.

इथली मंडळी लहान मुलांना बाप्तिस्मा देत नाही. माणसाने मोठं व्हावं, स्वतःच्या तोंडाने विश्वास सांगावा आणि मग नदीत पुरतं बुडावं, असा नियम. माझं तसं झालेलं नाही. मी सांगलीची. आमच्या चर्चमध्ये तान्ह्या बाळाच्या डोक्यावर ओंजळभर पाणी घालतात. माझ्यावर घातलं तेव्हा मी झोपले होते म्हणे. लग्नानंतर मामांनी शब्द टाकला म्हणून इथे तो बाप्तिस्मा चालून गेला. मी त्याचा फार विचार केला नव्हता. लहानपणी टोचलेल्या लशीसारखं ते काम कधीतरी उरकलेलं होतं.

गेल्या हिवाळ्यात मेथी निवडता निवडता आत्या म्हणाल्या, "औंदा मी बाप्तिस्मा घेती."

"आत्ताच कसं काय?"

"वाटलं."

"मामांना सांगितलंत?"

"तूच सांग. मी सांगाय गेले तर भाषण करत्याल."

हायवेला माझं शिलाईचं दुकान आहे. ब्लाऊज, शाळेचे गणवेश, आणि मंडळीच्या बाप्तिस्म्याचे पांढरे झगेही मीच शिवते. झग्याच्या खालच्या पट्टीत मी वजनाला लोखंडी वायसर घालून शिवते. नाहीतर पाण्यात झगा छत्रीसारखा फुगतो आणि काठावरच्या लोकांना नको ते दिसतं. आत्यांचं माप घ्यायला बसले तेव्हा त्यांनी विचारलं, "पानी कुठवर असतंय गं तितं?"

"कमरेपर्यंत."

"आन गाळ?"

"हिवाळ्यात नसतो."

उंची घेऊन झाली, खांदा घेऊन झाला, तर पुन्हा, "कमरेच्या वर न्हाई ना?"

मी टेप गळ्यात टाकला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. या बाई कॅनॉलच्या कडेने कधी चालत नाहीत. आंघोळीला तांब्या पाठीवर ओततात, डोक्यावरून कधी नाही. इतकी वर्षं एका घरात राहून मी हे रोज बघत होते आणि त्याचा अर्थ लावला नव्हता.

"आत्या, पाण्याला भिता होय?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. मग सांगितलं. "दुष्काळात हिरीत पोरं सोडायची. हलकं पोर बघायचं, कमरंला दोर बांधायचा आन खाली सोडायचं. तळाला झरा असायचा, वाटीवाटीनं घागर भरायची. मी लय हलकी व्हते. एकदा वरच्यानं दोर सोडला. उताणी पडले डबक्यात. पानी काय लय न्हवतं, पर नाकातोंडात गेलं. वर बघितलं तर आभाळ ताटलीएवढं, आन कडंला चुलतभाऊ हसतुय."

"मग आजवर बोलला का नाहीत?"

"सुभेदाराची बायकू पान्याला भिती म्हनून गावात व्हऊ द्यायचं? त्यापरीस इस्वास कच्चा म्हनलेलं बरं. इस्वास कुनाला दिसतुय?"

मला हसू आलं आणि अर्ध्यातच थांबलं. अख्ख्या मंडळीने बाईला इतकी वर्षं अविश्वासी धरलं होतं आणि बाईने ते खुशाल धरू दिलं होतं.

असल्या गोष्टीला उपाय असतो, असं माझं मत. परातीत पाणी घेतलं आणि त्यांना तोंड बुडवायला लावलं. पुढे वाकून त्यांना जमलं. नाक धरून, डोळे मिटून, छान जमलं. मग मी पाळकांना घरी बोलावलं. आमचे पाळक वयाने लहान आहेत, मिरजेकडून आलेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आजी, तांब्याने डोक्यावर पाणी ओतलं तरी देवाला चालतं. आजारी माणसाला आपण तसाच देतो."

"मी आजारी हाय व्हय?"

"तसं नाही…"

"समद्यांनी नदीत घ्यायचा आन मी तांब्यावर भागवू? न्हाई जमायचं."

मी म्हटलं, "मग पुढे वाकून घेतील. त्यांचा सराव झालाय."

पाळक जरा घुटमळले. "वाकूनही देता येईल. पण आम्ही उताणं का घेतो ते सांगतो. बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरायचं, पुरलं जायचं आणि उठायचं. मेलेलं माणूस आपल्या पायाने खड्ड्यात उतरत नाही, आजी. त्याला दुसरे उतरवतात. तसं तुम्ही पाण्यात काहीच करायचं नाही. स्वतःला दुसऱ्याच्या हातात द्यायचं. विश्वास म्हणतो तो एवढाच."

आत्यांनी हातातला कप खाली ठेवला. चहावर साय धरली.

"मयताला घरची मान्सं उतरवत्यात," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग ही पायजे." त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"पाण्यात पाळक आणि एक पंच उतरतात, आजी. बाईमाणूस अजून कधी उतरलं नाही. मला पंचांना विचारावं लागेल."

आतल्या खोलीतून मामांचा आवाज आला, "पंचांनी हो म्हटलंय."

ते सगळं ऐकत होते. बाहेर मात्र आले नाहीत.

रविवारी उपासनेनंतर आम्ही टेम्पोने नदीवर गेलो. कृष्णेचं पाणी संथ होतं आणि चांगलंच गार. मामांसाठी काठावर प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. मी सांगलीची, पुराचं पाणी घरात शिरलेलं पाहिलंय, त्यात उभं राहून सामान माळ्यावर चढवलंय. पण नदीत उतरण्याची माझीही पहिलीच वेळ. आत्यांनी माझं मनगट धरलं होतं. गुडघ्यापर्यंत पाणी आलं तशा त्या थांबल्या. कोणी घाई केली नाही. पाळकही नुसते उभे राहिले. मग आत्यांनीच पुढचं पाऊल टाकलं.

कमरेइतक्या पाण्यात पाळकांनी विचारलं, "येशू ख्रिस्तावर तुमचा विश्वास आहे काय?"

"हाय. पर हात सोडू नका."

काठावर सगळे हसले. मामा नाही हसले.

पाळकांनी पाठीखाली हात घातला, मी मानेखाली. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, एवढं कानावर आलं आणि आत्या मागे झुकल्या. मनात पवित्र असं काही आलं नाही. डाव्या पायाखालचा दगड शेवाळलेला होता, तो सरकू नये एवढंच होतं. आत्यांचं अंग आधी ताठ होतं, लाकडासारखं. पाणी कानांवरून गेलं आणि ते एकदम सैल झालं. तेव्हा त्यांचा सगळा भार माझ्या तळहातावर आला. तो फार नव्हता. मलाही सांगलीत असंच कोणीतरी मानेखाली धरलं असणार, हे त्या वेळी पहिल्यांदा लक्षात आलं. मी तर झोपले होते. धरणाऱ्याने मात्र जागं राहून धरलं असणार.

आम्ही त्यांना उठवलं. त्या खोकल्या, तोंडावरून हात फिरवला आणि विचारलं, "झालं?"

"झालं, आजी."

मंडळीने गीत सुरू केलं. आम्ही काठावर आलो, मी त्यांच्या अंगावर टॉवेल टाकला. मामा खुर्चीतून उठून आले.

"भीत होतीस तर बोलायचं नाहीस?"

"बोलले असते तर काय केलं असतं?"

मामांनी प्रामाणिकपणे विचार केला. "हसलो असतो."

"मग!"

मामा खाली वाकले. आत्यांच्या चपला उचलल्या आणि टेम्पोकडे चालू लागले.

परतताना टेम्पोत मी आत्यांचे केस पुसत होते. माझं मनगट त्यांच्या पकडीने अजून दुखत होतं. मी म्हटलं, "डोळे मिटून घ्यायचा एवढा सराव केला, त्याचा उपयोग झाला ना?"

"कुठलं मिटत्यात? उघडंच व्हतं."

"पाण्यात? मग काय दिसलं?"

"तुजं त्वांड," आत्या म्हणाल्या. "लय घाबरली व्हतीस गं पोरी."