पाच किलोची बॅग आणि बोईसरचा गेटपास

"सुहासरावांना सांग, तो मोठा कॅमेरा घेऊनच या," असं दादा फोनवर म्हणाला आणि मी मनात म्हटलं, झालं! सुहास म्हणजे माझा नवरा. गेल्या दिवाळीत त्याने एक कॅमेरा घेतला. किंमत सांगत नाही, कारण माझ्या सासूबाई हा ब्लॉग वाचतात. आमची स्कूटर त्याहून स्वस्त होती एवढंच सांगते. तेव्हापासून आमच्या घरात माणसांचे फोटो निघणंच बंद झालंय. वाटीचे निघतात, कुंडीतल्या मुंगीचे निघतात. मुंगीच्या मिशा मोजता येतात म्हणे. मोज बाबा.

पण या वेळी काम खरंच फोटोचं होतं. माझा मोठा भाऊ बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात बॉयलर सांभाळतो. तेहतीस वर्षं झाली. जानेवारीअखेर तो रिटायर व्हायचा होता. आत मोबाईल नाही, कॅमेरा नाही. युनिफॉर्म आत चढवायचा, आतच उतरवून धुवायला टाकायचा. घरून साध्या शर्टात जायचं नि साध्या शर्टात परत यायचं. त्यामुळे वहिनीने त्याला त्याच्या निळ्या बॉयलरसूटमध्ये कधी पाहिलेलंच नाही. आणि शेवटच्या दिवशी चार वाजता युनिफॉर्म, हेल्मेट, ओळखपत्र, सगळं जमा. "त्याआधी एक फोटो पाहिजे मंजू," दादा म्हणाला. "हिला दाखवायला. एकच, पण नीट." दादा कधी कुणाकडे काही मागत नाही, म्हणून आम्ही दोन दिवस सुट्टी टाकली.

नाशिकहून पालघरला जायचा सरळ रस्ता त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असा आहे. चार तास धरा. मोखाड्यापुढे वळणं फार आहेत, मध्येमध्ये खड्ड्यांवर ठिगळं आहेत, तेव्हा पोट हलकं ठेवा. आम्हाला मात्र सात तास लागले. दर दोन वळणांनी सुहास "थांब, थांब, लाइट बघ!" म्हणायचा. गाडी मी चालवत होते, आणि मला फक्त समोरून येणाऱ्या ट्रकचे लाइट दिसत होते.

जव्हारच्या अलीकडे एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन चढ चढत होती. सुहास उतरला, तिला विचारलं, तिने मान डोलावली. मग त्याने लेन्स बदलली. तोवर बाई चढ चढून वर पोचली.

"मावशी, जरा खालून परत चालत याल का?" हा शहाणा तिला विचारतो.

बाई थांबली. त्याच्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहून म्हणाली, "आमी परत कशाला चालू? तुमी घ्या डोकीवर भारा, नि तुमीच चाला. फोटू ही बाय काढंल." ही बाय म्हणजे मी. मी स्टिअरिंगवर डोकं टेकून हसले. मावशी चालायला लागली ती मागे वळून न बघता.

विक्रमगडला चहा नि गरम वडापाव खाल्ला. सगळं मिळून सत्तर रुपयांच्या आत, आणि चटणी अशी की दोन दिवस आठवण राहावी. मनोरला मुंबई-अहमदाबाद हायवे लागतो. तिथे वळताना घाई करू नका, कंटेनर कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. पुढे वाघोबाच्या खिंडीत माकडं बसलेली असतात. एक माकड बॉनेटवर चढून कॅमेऱ्याच्या बॅगेकडे बघत होतं. मी म्हटलं, ने रे बाबा, पुण्य लागेल.

दादाकडे संध्याकाळी पोचायचं होतं, हातात वेळ होता, म्हणून पालघरवरून शिरगावला गेलो. वहिनीचं माहेर या बाजूचं, आणि किल्ला बघाच असं तिने बजावलं होतं. किल्ला छोटा आहे, तासाभरात फिरून होतो. तटावर चढलात की एका बाजूला नारळी-पोफळीच्या वाड्या नि दुसऱ्या बाजूला समुद्र. वारा इतका छान की माझा निम्मा राग उतरला. खाली उतरलो नि सुहासने तिवई उघडली. वाड्यांच्या कुंपणापाशी तिचे तीन पाय वाळूत रोवले, वर कॅमेरा बसवला नि एक डोळा मिटून वाकून बघत बसला.

पाच मिनिटांत वाडीतून एक म्हातारबाबा तरातरा आले. हातात कोयता. मागून दोन बायका.

"कोनी पाटवला तुमाला? आमाला नोटीस नाय, काय नाय, नि तुमी मोजनी कशी लावली?"

आता आमची ट्यूब पेटली. या पट्ट्यात कधी रस्त्यासाठी, कधी रेल्वेसाठी, कधी आणखी कशासाठी जमिनी मोजल्या जातात, आणि मोजणीवाले येतात ते असेच तीन पायांचं यंत्र घेऊन, एक डोळा मिटून. सुहास म्हणाला, "आजोबा, मी फोटो काढतोय."

"फोटूला तीन पाय लागतात? आमचा पोरगा खिशातल्या फोनवर काढतो, त्याला दोन पन लागत नाय."

शेवटी मी वहिनीच्या माहेरचं आडनाव सांगितलं, तेव्हा कोयता खाली झाला. "आदी सांगाचा ना, बाय!" म्हणत त्यांनी आम्हाला दोन शहाळी फोडून दिली, पैसे घेतले नाहीत. सुहासला ऐकवलं मात्र, "ती तिकटी मिटव आदी. लोकांचा जीव जातो." त्याने मिटवली, तर वाळूने तिचा एक पाय अडकून बसला. तो पाय अजून तसाच आहे.

पालघर ते बोईसर अर्धा-पाऊण तास लागतो. दादाचं घर सालवडला, दोन खोल्यांचं, चकचकीत. वहिनीने भरलेले पापलेट नि तांदळाची भाकरी केली होती. पलीकडे सुहास चार बॅटऱ्या नि दोन चार्जर घेऊन प्लग शोधत फिरत होता. वहिनी शेवटी म्हणाली, "भावजी, पॉइंट एकच हाय. मिक्सर लावू का तुमची बॅटरी, ते सांगा." चटणी पाट्यावर वाटली गेली. मला जेवताना मान वर करवेना.

दादा मात्र खुशीत होता. "उद्या साडेबाराला जेवणाच्या सुट्टीत मी युनिफॉर्मवर गेटबाहेर येतो. दहा मिनिटं मिळतील. साहेबांची परवानगी काढलीय." दहा मिनिटांसाठी त्याने रीतसर अर्ज लिहिला होता. तेहतीस वर्षांत पहिलाच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं रिक्षाने निघालो. स्टेशनकडून वसाहतीत जायला शेअर रिक्षा सतत मिळतात. कारखाना कुंभवलीच्या बाजूला, समोर चहाची टपरी, त्यावर चार भाषांत गप्पा. आम्ही साडेअकरालाच हजर. सुहासने उजेडाचं माप घेतलं, ऊन पाहिलं, तोंड वाकडं केलं. "बाराचं ऊन. चेहऱ्यावर सावल्या पडणार. दादांना साडेपाचला यायला सांगूया का? काय सोनेरी उजेड असेल!"

"साडेपाचला युनिफॉर्म जमा झालेला असेल, सुहास."

"हो का?" जणू आत्ताच कळलं.

साडेबाराला दादा आला. निळा बॉयलरसूट, पिवळं हेल्मेट, छातीवर ओळखपत्र. मलाही तो नवीनच होता. उंच वाटत होता, घरी वाटतो त्यापेक्षा. गेटपाशी ताठ उभा राहिला नि फोटो म्हटल्यावर नेहमी करतो तसं तोंड केलं, इंजेक्शन घेताना करावं तसं. आणि सुहासने लेन्स बदलायला घेतली. मग फिल्टर. मग माझ्या हातात उजेड परतवायची चंदेरी गोल चकती, "जरा डावीकडे, थोडी वर, हलवू नकोस." दादाच्या डोळ्यांवर तिची तिरीप गेली, त्याने डोळे मिटले. मी पर्समधून मोबाईल काढला.

"मोबाईलने?" सुहास म्हणाला. "दादांच्या रिटायरमेंटचा फोटो मोबाईलने?"

आणि मी मूर्खासारखा तो परत पर्समध्ये टाकला. याचा राग मला सुहासपेक्षा माझाच जास्त येतो.

दहा मिनिटं संपली, आत भोंगा वाजला. दादा जाता जाता म्हणाला, "अगं, साहेबांनी आत्ताच सांगितलं, तीन वाजता कँटीनमध्ये निरोप समारंभ आहे, घरच्यांना बोलावलंय. हिला घेऊन ये." तो गेला. आम्ही टपरीवर बसून फोटो पाहिले. चौदा होते. दादाच्या मागे गेटवर 'सुरक्षा प्रथम' असा फलक होता. तो इतका स्वच्छ आला होता की त्याचे स्क्रू मोजावेत. पुढे दादा, सगळ्या चौदांमध्ये, धुक्यातला. तीनमध्ये डोळे मिटलेले. सुहासचा चेहरा पडला. "फोकस मागे गेला," तो म्हणाला.  मी तोंड उघडलं असतं तर टपरीवाल्याने पोलीस बोलावले असते.

"तीनला आत जातोय ना, आत काढतो. शपथ," सुहास म्हणाला.

मी फोन केला, पावणेतीनला वहिनी आली, मोरपंखी साडी नेसून. गेटवरच्या खोलीत तिवारीजी म्हणून वॉचमन होते. त्यांनी सुहासच्या बॅगेकडे पाहिलं नि लोखंडी कपाट उघडलं. "मोबाइल, कैमरा, सब इधर. अंदर कुछ नहीं जाएगा." सुहास पाच मिनिटं विनवत होता. "साहब, मैनेजर साहब का मोबाइल भी इसी में है," तिवारीजी म्हणाले. विषय संपला. पाच किलोची बॅग कपाटात गेली, माझा मोबाईल तिच्यावर. मला रडूच यायला लागलं. एक फोटो मागितला होता त्याने. एक!

पास काढायला एकेकाने स्टुलावर बसायचं. टेबलावर धुळीने माखलेला, वायरला चिकटपट्टी लावलेला, लिंबाएवढा वेबकॅम. पहिली वहिनी बसली. "मैडम, इधर देखिए." तेवढ्यात आम्हाला न्यायला आतल्या दाराने दादा आला. तोच निळा सूट, तेच हेल्मेट.

वहिनीने मान वळवली. क्षणभर ओळखलंच नाही तिने. मग तोंडावर हात. "अगो बाय! ह्ये तुमी? मला वाटला वायरमन आला!" आणि जी हसत सुटली! "हेल्मेटाला मुंडावळ्या बांधा, परत वरात काढू!"

"गप गं, कॅमेऱ्यात बघ, तिथे," म्हणत दादा तिच्या शेजारी वाकला, बोटाने दाखवायला, आणि त्यालाही हसू फुटलं. तिवारीजींनी बटण दाबलं.

छोट्या यंत्रातून चिठ्ठी सरसर बाहेर आली. तिवारीजींनी कपाळाला हात लावला. "अरे, एक पास पर एक ही आदमी चलता है! ये तो कैंसल करना पड़ेगा." पेनाने तिच्यावर एक आडवी रेघ मारली, वहिनीला नीट बसवून दुसरी काढली, नि पहिली टोपलीत टाकायला हात नेला. मी तो हात धरला.

चिठ्ठीवरचा फोटो टपालतिकिटाहून जरा मोठा, काळा-पांढरा, ठिपक्याठिपक्यांचा. वहिनी मान वर करून दादाकडे बघतेय, दादा हेल्मेटसकट वाकलाय, डोळे उघडे, दात दिसतायत. माझ्या भावाचा हसतानाचा फोटो मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते. "रद्दी है, मैडम, ले जाइए," तिवारीजी म्हणाले. निरोपात भाषणं झाली, शाल-नारळ झाला, चार वाजता दादाने युनिफॉर्म घडी करून जमा केला. मी पर्स दोन्ही हातांनी धरून बसले होते.

घरी आल्यावर दादाने चिठ्ठी उजेडात धरून पाहिली नि म्हणाला, "हा कागद टिकत नाही, मंजू. काट्यावरच्या वजनाच्या पावत्या याच कागदाच्या असतात, काही महिन्यांत कोऱ्या होतात."

मी सुहासकडे पाहिलं. तो उठला. खिडकीजवळच्या फरशीवर वहिनीचा पोळपाट मांडला, त्यावर चिठ्ठी ठेवली, अडकलेल्या पायाच्या तिवईखाली डाळीचा डबा लावला, मुंगीची लेन्स चढवली. ना लाइट बघ, ना थांब. पाच मिनिटांत काम झालं. पडद्यावर एकेक ठिपका आला होता, वहिनीच्या नाकातली चमकी आणि दादाच्या हेल्मेटवरचा ओरखडासुद्धा.

परतीच्या वाटेवर तो विक्रमगडपर्यंत पडद्यावर तोच फोटो बघत होता. मग म्हणाला, "तरी बघ, ती लेन्स नसती तर..." मी म्हटलं, सुहास, गाडी थांबवून तुला इथेच उतरवीन. पण खरं सांगायचं तर तो म्हणतो ते अर्धं बरोबर आहे. मला विचारलंत तर महाग कॅमेरा वस्तू झकास टिपतो. माणूस मात्र त्याच्यासमोर ताठ होतो, आणि कॅमेऱ्यामागचाही माणसाला सोडून कॅमेऱ्याकडेच बघत बसतो. हे पटायला आम्हाला दोन दिवस लागले आणि एक तिवई गेली. तुम्ही फुकटात पटवून घ्या.

सुहासने तो फोटो मोठा करून, फ्रेम करून सालवडला पाठवला. पेनाची रेघ पुसून देतो म्हणाला होता. दादाने नको म्हटलं. ती चिठ्ठी माझ्या पर्समध्येच राहिली होती. काल बिलं शोधताना सापडली. कागद कोरा झालाय, फोटोतले दोघंही पुसले गेलेत, फक्त तिवारीजींची रेघ उरलीय.

वहिनीला फोन करून हे सांगितलं. ती फ्रेमखालीच बसली होती म्हणाली. "जाऊ दे ती चिठ्ठी," ती म्हणाली.  मग म्हणाली, "तेहतीस वर्सं रोज डबा दिला, मंजू. नि तो खानारा मानूस असा दिसतो, ह्ये मला म्हाईतच नव्हता."